माझा अनुभव: पेम इलेक्ट्रोलायझरचा व्होल्टेज चढतच जात होता, शेवटी असा उतरला

पेम इलेक्ट्रोलायझर म्हणजे विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारा सेल, त्यात मधे फक्त प्रोटॉन पलीकडे जाऊ देणारा पातळ पडदा (मेम्ब्रेन) असतो. माझा सेल छोटाच, नाफिऑन ११७ या मेम्ब्रेनवर कॅटलिस्टचं (रासायनिक क्रिया वेगाने घडवणारं) कोटिंग, ८० डिग्रीला १ अँपिअर प्रति चौ. सेंमी. सुरुवातीला १.९ व्होल्ट होता, तीन आठवड्यांत २.३. बोल्ट परत आवळले, टायटॅनियम फेल्ट (मेम्ब्रेनला टेकलेली, पाणी आणि करंट पोचवणारी धातूची जाळी) बदललं, पॉवर सप्लायही बदलून पाहिला, काही फरक नाही. अक्षरशः रडकुंडीला आलो होतो.

घोळ पाण्यात होता. डीआय म्हणजे आयन काढलेलं पाणी, त्यातले आयन धरून ठेवणारी रेझिन संपलेली आणि लाइनला स्टीलचे फिटिंग, त्यामुळे कॅल्शियम आणि लोखंडाचे आयन मेम्ब्रेनमधल्या सल्फोनिक ग्रुपवर (प्रोटॉन पुढे सरकवणाऱ्या जागांवर) प्रोटॉनच्या जागी जाऊन बसले, मग प्रोटॉन जाणार कुठून? रेझिस्टन्स वाढला, म्हणून व्होल्टेज चढला. सेल उघडला तर इनलेटपाशी पिवळसर तपकिरी डाग दिसला.

आधी मेम्ब्रेन डीआय पाण्यात नीट धुतलं, मग ०.५ मोलर सल्फ्युरिक ॲसिडमध्ये ८० डिग्रीला १ तास ठेवलं (ॲसिड पाण्यात घाला, उलटं कधीच नाही, आणि चिमटा प्लास्टिकचाच), ॲसिड बदलून आणखी १ तास, मग उकळत्या डीआयमध्ये १ तास, पाणी बदलत बदलत, पीएच पेपर न्यूट्रल येईपर्यंत. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये उकळायची पद्धत कोऱ्या मेम्ब्रेनसाठी आहे, कोटिंग असेल तर ती नको, कोटिंगमधल्या प्लॅटिनमवर पेरॉक्साइडचं विघटन होतं. मग स्टील काढून पीटीएफईचे (टेफ्लॉन प्लास्टिकचे) फिटिंग लावले, नवी मिक्स्ड बेड (धन आणि ऋण दोन्ही आयन धरणारी) रेझिन भरली, आणि मेम्ब्रेन ओलं असतानाच बसवून बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले.

आता १.९४ वर स्थिर आहे. पाण्याची कंडक्टिव्हिटी (आयन वाढले की ती वाढते) रोज सकाळी बघतो, १ मायक्रोसीमेन्स प्रति सेंमीच्या वर गेली की लगेच रेझिन बदलायची.