साडेचारचा अंधार आणि सायकलचा दिवा

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात, आणि सोमवारी ऑफिसातून निघालेला नवा माणूस सायकलपाशी थबकतो. सकाळी येताना सगळं ठीक होतं, आता मिट्ट काळोख. डिसेंबरात तर साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सकाळी पावणेनऊपर्यंत उगवायचं नाव घेत नाही. म्हणजे जाताना अंधार, येताना अंधार. मी 2011 साली नाशिकहून नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला आले तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगते.

आधी नियम, कारण पोलिस नियमच बघतात. पुढे पांढरा किंवा पिवळा दिवा, मागे लाल. दोन्ही अखंड जळणारे. लुकलुकणारा चालत नाही. दिवा सायकलवरच हवा असं नाही. छातीवर, पाठीवर किंवा पाठीवरच्या बॅगेला अडकवलेलाही चालतो. डोक्यावर, हातावर, पायावर चालत नाही, त्यामुळे ट्रेकिंगचा हेडलॅम्प लावून निघालात तर तो कितीही महागडा असो, दिवा नसल्यातच जमा. दिवसा दाट धुकं असेल तरी दिवे लावायचे. आणि दिव्याशिवाय रिफ्लेक्टर हवेत ते वेगळेच: मागे लाल, पेडलना पिवळे, चाकांना पांढरे किंवा पिवळे. सायकलला ते बहुधा असतातच, फक्त पुसून घ्या.

लुकलुकण्याबद्दल जरा जास्त सांगते, कारण आपली निम्मी माणसं तिथेच अडकतात. निघताना बॅगेत कुकर, पोळपाट आणि शंभर रुपयांचा लाल लुकलुकता लाइट भरून आणायचा, ही आपली पद्धत. मीही आणला होता. त्याला तीन मोड होते आणि तिन्ही लुकलुकण्याचेच. पहिल्याच नोव्हेंबरात स्टेशनजवळच्या बोगद्याच्या तोंडाशी दोन पोलिस उभे होते, एकेका सायकलला बाजूला घेत होते. पुढचा दिवा माझ्याकडे नव्हताच. रस्त्यावर एवढे खांब आहेत, मला सगळं दिसतंय, मग दिवा कशाला, हा माझा हिशोब. पोलिसबाईंनी फार शांतपणे सांगितलं की दिवा तुम्हाला दिसावं म्हणून नाही, तुम्ही दिसावं म्हणून आहे. रेसिडेन्स कार्ड मागितलं, नाव-पत्ता लिहून घेतला आणि शुभरात्री म्हणून मला सायकल हातात धरून चालत घरी पाठवलं. या गावाला लोक लिख्तस्टाड म्हणतात, दिव्यांचं शहर. 1891 साली फिलिप्स इथेच सुरू झाली, बल्ब करण्यापासून. त्या गावात मला दिवा नाही म्हणून दंड.

दंड तिथेच भरायचा नसतो, पत्र घरी येतं. आता नीट वाचा, कारण माझी खरी चूक पुढे आहे. पत्र आलं, सगळं डचमध्ये. मला वाटलं जाहिरात असेल किंवा विम्याचं काहीतरी. मायक्रोवेव्हवर ठेवलं. टॅक्सवाल्यांचा निळा लिफाफा सगळे ओळखतात, त्याला घाबरतात. हा निळा नव्हता. काही आठवड्यांनी दुसरं पत्र आलं, तेही मायक्रोवेव्हवर. तिसरं आलं तेव्हा शेजारच्या आजी भाजीची वाटी परत द्यायला आल्या होत्या. त्यांनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. इथे वेळेत दंड भरला नाही तर पहिल्या स्मरणपत्राला तो दीडपट होतो आणि दुसऱ्याला त्या दीडपटीच्या दुप्पट. म्हणजे मूळ दंडाच्या तिप्पट. दहा युरोच्या दिव्यापायी मी किती भरले ते नवऱ्याला आजही पूर्ण सांगितलेलं नाही. दंडाची रक्कम दर वर्षी बदलते म्हणून आकडा देत नाही, पण तुम्ही जो दिवा घ्यायला कां कूं करताय त्याच्या कितीतरी पट असतो एवढं धरून चाला. पत्र उघडा. फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरलं की आता भाषांतर होतं, आमच्या वेळी तेही नव्हतं. घर बदललं तर पाच दिवसांत नगरपालिकेत पत्ता बदला, नाहीतर पत्रं जुन्या घरी जात राहतील आणि दंड तिकडे एकटाच वाढेल. पत्र उघडा, पुन्हा सांगते.

आता खरेदी.

सगळ्यात स्वस्त म्हणजे रबरी पट्टीने अडकवायचे बोटाएवढे दिवे, तीन-चार युरोला जोडी. बटण सेलवर चालतात. हे तात्पुरते म्हणूनच घ्या. पट्टी थंडीत तुटते, पावसात आत पाणी जातं आणि सेल संपत आला की उजेड इतका हळूहळू कमी होतो की मागचा दिवा विझल्याचं तुम्हाला कळतच नाही. कळतं ते मागून येणाऱ्या एखाद्या डच बाईला, आणि ती पूर्ण आवाजात ओरडून सांगते. सुरुवातीला मला ते उद्धट वाटायचं. आता मीही ओरडते. घरात रांगतं मूल असेल तर बटण सेलचे दिवे आणूच नका. गिळलेला सेल अन्ननळी जाळतो, ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही.

बहुतेकांनी घ्यावा तो यूएसबीवर चार्ज होणारा संच, पंधरा ते पंचवीस युरोचा. हेमा नावाच्या दुकानात मिळतो, डेकॅथलॉनमध्ये मिळतो, कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे जरा महाग पण तो बसवूनही देतो. खोक्यावर लुमेनचे मोठे आकडे असतात, त्यांना भुलू नका. लुमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो. त्यातला निम्मा समोरच्याच्या डोळ्यांत आणि झाडांच्या शेंड्यांवर गेला तर तुमच्या काय कामाचा? लक्स बघा, म्हणजे समोरच्या रस्त्यावर किती पडतो ते. जर्मनीत सायकलच्या पुढच्या दिव्याचा झोत वरून कापलेला असावा लागतो, आणि दहा मीटरवर किमान 10 लक्स. तिथली मान्यता असलेल्या दिव्यावर नागमोडी रेघेशेजारी के अक्षर आणि नंबर कोरलेला असतो. असा दिवा इथेही मिळतो. शहरात 15-20 लक्स भरपूर झाले. शेजारच्या फेल्डहोवनला कंपनीत जाणाऱ्यांना होवनरिंगवरून जाताना दिव्याची गरजही जाणवत नाही, तो अख्खा गोल पूलच उजळलेला असतो. पण हेल्मंडच्या बाजूला कालव्याकाठच्या रस्त्याने जात असाल तर 30-40 लक्सचा घ्या. तिथे डावीकडे पाणी असतं आणि ते अंधारात रस्त्यासारखंच दिसतं.

न्युननच्या वाटेवर तो चमकणाऱ्या खड्यांचा व्हॅन गॉग सायकलमार्ग आहे, 2014 साली झालेला. पाहुणे आले की आपण हौसेने दाखवायला नेतो. सुंदर आहे. पण खड्यांच्या उजेडात तुम्ही कोणाला दिसत नाही. तिथेही दिवा लावायचा.

थंडीत बॅटरी लवकर उतरते. खोक्यावर सहा तास लिहिलेले असतील तर जानेवारीत चार धरा. दर रविवारी रात्री फोनबरोबर दिवेही चार्जिंगला लावायची सवय करा, आणि एक जादा जोडी कोटाच्या खिशात कायमची ठेवा. ही जादा जोडी मात्र ती तीन युरोवाली चालेल. स्टेशनवर सायकल लावताना दिवे काढून घ्या.

दिवा घेतला म्हणजे काम संपलं असं नाही, तो दिसला पाहिजे. इथे आलं की महिन्याभरात प्रत्येक जण सायकलच्या पुढे प्लास्टिकचं क्रेट लावतो, त्यात भाजी भरतो, आणि हँडलवरचा दिवा त्या क्रेटच्या मागे बसून कोथिंबीर उजळत राहतो. क्रेट असेल तर दिवा क्रेटच्या कॅरिअरखाली पुढच्या बाजूला लावा, तशी पट्टी मिळते. पुढे मुलाची सीट असेल तर तीच गत: दिवा मुलाच्या पाठीवर पडतो. मागे दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगा, लांब कोट आणि पावसाचा पोंचो हे मागच्या दिव्याचे तीन वैरी. सीटखालच्या दांड्याला लावलेला दिवा पोंचोत पूर्ण गुडूप होतो. मागच्या कॅरिअरच्या शेवटच्या टोकाला लावलेला होत नाही. एकदा नवऱ्याला सायकलवर बसवा, कोट-बॅगेसकट, आणि वीस पावलं मागे जाऊन बघा. आमच्याकडे त्या दिवशी समजलं की दोन वर्षं त्याचा दिवा फक्त मडगार्ड दाखवत होता.

राहिला डायनॅमो. आजोबांच्या सायकलला टायरवर घासणारी बाटली होती, घर्रघर्र करत पेडल जड करायची. ती इथेही जुन्या सायकलींना दिसते आणि पावसात टायरवरून घसरते, तिच्या नादी लागू नका. पुढच्या चाकाच्या आसात बसवलेला डायनॅमो मात्र वेगळी चीज. आवाज नाही, ओढ जाणवत नाही, चार्जिंग नाही, चोरीची भीती नाही. थांबल्यावरही दिवे काही मिनिटं जळत राहतील असा प्रकार बघून घ्या, सिग्नलला उभं असताना तेच कामाचं. नव्याने चाकासकट बसवायचा तर शंभर युरोच्या आसपास खर्च येतो. चार हिवाळे राहणार असाल तर परवडतो. वर्षभराच्या प्रोजेक्टवर आलेल्यांनी करू नये. आल्या आल्या दोन हजारांची ई-बाईक घेणाऱ्यांना मी काही सांगत नाही. त्यांचे दिवे मोठ्या बॅटरीवरच चालतात, आणि त्यांना माझं ऐकायचंही नसतं.

बहुतेक जण पहिली सायकल जुनीच घेतात, तीच घ्यावी. आसात डायनॅमो असलेली मिळाली तर पुढचं चाक उचला आणि हाताने जोरात फिरवा. पुढचा दिवा लागला पाहिजे, आणि मागचाही. मागचा नाही लागला तर नऊ वेळा वायर निघालेली असते आणि दहाव्या वेळी दिवा गेलेला असतो. ते घासाघीस करताना सांगायची गरज नाही. लागत नाही म्हणा, पंधरा युरो कमी मागा, दहावर या.