कुत्रं घरी एकटं राहत नसेल तर

गावाला जाताना लोक आपली कुत्री माझ्याकडे ठेवून जातात. सोडतानाच गाऱ्हाणं येतं, "ताई, आम्ही बाहेर पडलो की हा नासधूस करून मुद्दाम सूड उगवतो." सूडबिड काही नसतो. त्याची भीतीने गाळण उडालेली असते.

आधी जुना मोबाइल दाराकडे तोंड करून रेकॉर्डिंगला लावा नि बाहेर पडा. घाबरणारं कुत्रं बहुतेकदा पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होतं. एका गावठी कुत्रीचा व्हिडिओ मी पाहिला: लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला, तशी ती उंबऱ्याच्या फटीला नाक लावून धापा टाकायला लागली. फरशीवर लाळ, चौकटीवर नखांचे ओरखडे, आणि शेजारी चिकनचा तुकडा तसाच. कंटाळलेलं कुत्रं चिकन सोडत नाही. ते खाऊन झोप काढतं, मग उशी फाडतं.

सराव किल्ल्यांपासून. दिवसातून अधूनमधून किल्ल्या उचला, चपला घाला आणि खुशाल चहा प्यायला बसा. त्याने मान वर करणं सोडलं की दाराकडे वळायचं. बाहेर पाऊल, दार बंद, दोन सेकंदांत आत. मग पाच, मग वीस, मध्येच पुन्हा तीन. ते कुंईकुंई करायच्या आत परतायचं. केलंच तर पुढच्या खेपेला वेळ कमी करा. कंटाळवाणं आहे खरं, पण मिनिटं अशीच वाढतात.

अवघड भाग वेगळाच: सराव चालू आहे तोवर त्याला झेपेल त्याहून जास्त वेळ एकटं ठेवायचं नाही. आजी, शेजारची कॉलेजातली मुलगी, डॉग डे-केअर, जे जमेल ते लावा.

परतल्यावर रागावू नका. पिंजऱ्यात कोंडू नका, सुटायच्या धडपडीत दात तुटतात. सोबतीला दुसरं कुत्रं आणूनही बहुधा भागत नाही, त्याला माणूस हवा असतो.

घरात अचानक शू करायला लागलं असेल तर आधी लघवी तपासून घ्या. स्वतःला इजा करून घेत असेल तर पशुवैद्यांना गाठाच. ते फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन ही भीती कमी करणारी औषधं देऊ शकतात. ही गुंगीची औषधं नव्हेत. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि गोळी चालू असली तरी दाराचा सराव सोडायचा नाही. घरातल्या माणसांच्या डब्यातली गोळी मात्र अंदाजाने देऊ नका.