जर्मनीत नोकरीचा व्हिसा : अर्ज सगळ्यात शेवटी

बरेच जण सुरुवात उलट्या टोकाने करतात. आधी वकिलातीची अपॉइंटमेंट शोधायची आणि मग कागद गोळा करत बसायचं. जर्मनीच्या बाबतीत अर्ज भरणं हे सगळ्यात सोपं काम आहे. खरी कसोटी त्याआधीच लागते.

पहिलं काम पदवीचं. 'अनाबिन' नावाचा जर्मन सरकारी डेटाबेस फुकट बघता येतो. त्यात विद्यापीठ आणि पदवी अशा दोन गोष्टी स्वतंत्रपणे शोधायच्या. विद्यापीठापुढे 'एच प्लस' (म्हणजे मान्यताप्राप्त) दिसलं की लोक खुशीत पान बंद करतात आणि तिथेच फसतात, कारण पदवीपुढेही ती जर्मन पदवीशी समकक्ष असल्याचा शेरा लागतो. दोन्ही पानांची प्रिंट काढून ठेवा. पदवी यादीत सापडलीच नाही, तर बॉनमधल्या 'झेडएबी' या कार्यालयाकडून समकक्षतेचं प्रमाणपत्र मागवावं लागतं. त्याला वेळ लागतो, म्हणून नोकरी शोधायला लागण्याआधीच हे उरकलेलं बरं. डॉक्टर आणि नर्स यांचा मार्ग वेगळा आहे. त्यांना व्यवसायाची परवानगी घ्यावी लागते आणि चांगलं जर्मन यावं लागतं.

मग नोकरीचा करार. 'ईयू ब्लू कार्ड', म्हणजे चांगल्या पगाराच्या कुशल नोकरीसाठीचा निवास परवाना, हवं असेल तर पदवीला साजेसं काम आणि ठरावीक पगार, दोन्ही लागतं. २०२५ साठी ही मर्यादा वर्षाला ४८,३०० युरो होती. मनुष्यबळाची टंचाई असलेल्या क्षेत्रांत, तसंच पदवी घेऊन तीन वर्षं झाली नसतील त्यांना, ४३,७५९.८० युरो पुरत होते. हे आकडे कर कापण्याआधीचे आहेत आणि दर जानेवारीत बदलतात, त्यामुळे गेल्या वर्षी गेलेल्या मित्राचा आकडा धरून पगाराची बोलणी करू नका. आयटीवाल्यांना पदवी नसली तरी गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा योग्य अनुभव असेल तर कमी मर्यादेवर ब्लू कार्ड मिळू शकतं. पगार त्याहून कमी असला तरी कुशल कामगाराचा साधा व्हिसा आहेच. मात्र वय ४५ च्या पुढे असेल तर त्यासाठीही पगाराची वेगळी अट असते, किंवा म्हातारपणाची पुरेशी तरतूद दाखवावी लागते.

करार झाला की कंपनीकडून नोकरीच्या तपशिलाचा सरकारी फॉर्म भरून घ्या. त्याचं जर्मन नाव उच्चारता आलं नाही तरी चालेल, पण आतला पगार, कामाचे तास आणि पद करारातल्याशी तंतोतंत जुळलं पाहिजे. सही होऊन आला की स्वतः एकदा ओळ न् ओळ ताडून बघा.

आता अर्ज. तो जर्मन परराष्ट्र खात्याच्या पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. नंतर मूळ कागद आणि बोटांचे ठसे द्यायला प्रत्यक्ष जावं लागतं. फी ७५ युरो. अर्ज राष्ट्रीय म्हणजे 'डी' व्हिसाचा करायचा. पर्यटनाच्या शेंगेन व्हिसावर जाऊन नोकरी धरता येत नाही, एजंट काहीही सांगो. कंपनीला घाई असेल तर ती तिकडच्या परदेशी नागरिक कार्यालयात ४११ युरो भरून जलद प्रक्रिया सुरू करू शकते. हे कंपनीला सुचवायला संकोचू नका.

अर्ज फेटाळला गेला तर पूर्वी वकिलातीकडेच फेरविचार मागता यायचा. ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता नवा अर्ज करायचा, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जायचं. म्हणून अपुऱ्या कागदांवर 'बघू, लागला तर लागला' हा खेळ नको.

पोचल्यावर, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि तिला घरमालकाचं लेखी पत्र लागतं. तात्पुरती खोली घेताना हे पत्र मिळेल का, ते पैसे भरण्याआधी विचारा. निवास परवान्याची अपॉइंटमेंटही लगेच मागा, कारण मोठ्या शहरांत तारखा लवकर मिळत नाहीत. आणि ब्लू कार्डवर पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदलणार असाल तर ते परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावं लागतं.