काळ्या रानातून पक्का रस्ता: आधी पाणी, मग मुरूम, शेवटी गिट्टी

गोदाकाठच्या भारी रानात रस्ता बिघडतो तो बहुतेक वेळा खालच्या मातीमुळे, गिट्टी कमी पडली म्हणून नव्हे. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते आणि भेगाळते. चिंब भिजल्यावर तिची भार पेलण्याची ताकद इतकी उतरते की उसाची एक भरलेली ट्रॉली चाकोरी पाडून जाते. म्हणून पाणंद असो वा वस्तीचा रस्ता, पैसा आधी खालच्या थरांवर घाला.

माती किती फुगते हे गावातही तपासता येते. वाळलेली माती कुटून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळा. १०० मिलीच्या दोन मोजपात्रांत प्रत्येकी १० ग्रॅम माती घ्या. एकात शुद्ध पाणी, दुसऱ्यात रॉकेल भरा, ढवळून हवा काढा आणि २४ तास हलवू नका. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातली माती त्याच्या दीडपटीहून जास्त जागा व्यापत असेल, तर ती भरावात घेऊ नका.

खालची जमीन आधी सांभाळण्याचा हा विचार जुनाच आहे. स्कॉटलंडचा जॉन मॅकअॅडम (१७५६–१८३६) सांगत असे की वजन शेवटी मूळ जमीनच पेलते. तिला कोरडी ठेवा, रस्ता आजूबाजूपेक्षा उंच ठेवा, आणि सहा औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमपेक्षा, जड दगड वापरू नका. त्याच्याच काळातला थॉमस टेलफर्ड तळाला मोठे दगड हाताने रचून घेई. आपल्याकडचं सोलिंग त्याच धाटणीचं. मुरमाड माळावर ते चालतं. काळ्या मातीवर थेट केलं, तर पावसाळ्यात फटींतून चिखल वर येतो आणि दगड खाली जातात.

मातीकाम दिवाळीनंतर, जमिनीला वापसा असताना धरा. मे महिन्यात भेगाळलेल्या जमिनीवर मुरूम टाकला तर तो भेगांत उतरतो, आणि मृगाच्या पावसात खालची माती फुगून वरचा थर उचलते.

सुरुवात नाल्यांपासून. दोन्ही बाजूंच्या नालीचा तळ मुरमाच्या तळापेक्षा किमान फूटभर खाली हवा, आणि तिचं तोंड ओढ्याला किंवा मोरीला मिळालंच पाहिजे. तोंड बंद असलेली नाली रस्त्याच्या कुशीत पाणी साठवते. त्यापेक्षा ती नसलेली बरी. जेसीबीने नाली खोदायची आणि निघालेली काळी माती मधे चढवून रस्ता उंच झाला म्हणायचं, ही पद्धत सगळ्यात घातक. एका पावसात त्याचा राबडा होतो. ती माती शेतात जाऊ द्या.

मुरमाचा थर दाबल्यावर निदान २२५ मिमी भरावा, आणि तो साइडपट्ट्यांसकट पूर्ण रुंदीचा हवा. फक्त मधे मुरूम टाकला की कडेची माती आधी भिजते आणि आधी वाळते. मग कडेला समांतर लांब भेगा पडतात. कडेला लागून बाभळी वाढल्या असतील तर हे जास्तच होतं, कारण मुळं उन्हाळ्यात खालची ओल ओढतात. मुरूम निवडताना त्यातला बारीक भाग भिजवून तळहातावर वळून पाहा. ३ मिमी जाडीची अखंड वळी होत असेल तर तो चिकट आहे, परत पाठवा. ५ मीटर रुंद, १०० मीटर लांब रस्त्याला दाबलेला ११२ घनमीटर मुरूम लागतो, म्हणजे सैल मोजून ५० ब्रासच्या आसपास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). दोन थरांत टाका, प्रत्येक थरावर पाणी मारून ८ ते १० टनी रोलर फिरवा.

आता गिट्टी. ६३ ते ४५ मिमीची गिट्टी, दाबून ७५ मिमी. ३ मीटर रुंदीत १०० मीटरला १० ते ११ ब्रास बसते. आधी साइडपट्ट्या बांधून घ्या, नाहीतर रोलरखाली गिट्टी बाजूला सरकते. टिप्परचे ढीग जागेवरच लोटून पसरवू नका. जाड-बारीक वेगळं होतं. मध्यापासून कडेला ३ टक्के उतार द्या, म्हणजे दीड मीटरला साडेचार सेंटिमीटर.

रोलर कडेपासून मध्याकडे, आणि सुरुवातीला कोरडाच. गिट्टी पायाखाली हलेनाशी झाली की मग बारीक खडी, त्याच १०० मीटरला दीड ब्रासच्या आत, तीन हप्त्यांत टाकून झाडूने फटींत सारा. त्यानंतर पाणी, आणि शेवटी जेमतेम ब्रासभर चाळलेला मुरूम. रोलरच्या चाकापुढे मुरूम-पाण्याच्या रबडीची लाट दिसू लागली की फटी भरल्या. घाईत मुरूम आधी टाकला तर तो गिट्टीच्या मधे बसून दगडाला दगड भिडू देत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात धुरळा उडून गिट्टी मोकळी होते. थर बसल्याची खूण साधी आहे: गिट्टीचा एक दगड रोलरपुढे ठेवा. तो फुटला पाहिजे, आत रुतता कामा नये. रात्रभर मुरू द्या आणि पूर्ण वाळेपर्यंत वाहन सोडू नका. डांबर त्यानंतरच.

मोरीला ६०० मिमीपेक्षा लहान नळी घालू नका. गाळ काढायला ९०० मिमी सोयीची. नळीवर किमान दोन फूट भराव ठेवा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच मालकाचं रान असेल, तर मुरूम टाकण्याआधीच आडवा रिकामा पाइप पुरून ठेवा आणि त्याच्या दोन्ही तोंडांना खुणेचे दगड लावा. नाहीतर पाइपलाइनसाठी पुढच्या हंगामात रस्ता फोडला जाणार, आणि काळ्या मातीने बुजवलेला तो चर दर पावसाळ्यात खचत राहणार.