हौस नसेल तर लॉन कसं राखावं

अमेरिकेत घर घेताना शाळा, स्टेशन, स्वयंपाकघर सगळं बारकाईनं पाहिलं जातं. समोरचं गवत तेव्हा नुसतं छान दिसतं. एप्रिल सरता सरता ते झपाट्यानं वाढू लागतं, शनिवारी सकाळी शेजाऱ्यांचे मोअर, म्हणजे गवत कापायची यंत्रं, सुरू होतात, आणि ज्यांना या कामाची मुळीच आवड नाही त्यांनाही बाहेर पडावं लागतं. अशा घरांसाठी हे मार्गदर्शन. यातली मापं आणि महिने न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इलिनॉय अशा थंड पट्ट्यातले आहेत. तिथं लॉनमध्ये बहुतेक टॉल फेस्क्यू, केंटकी ब्लूग्रास आणि रायग्रास असतं.

शेजाऱ्यांना आपल्या गवताचं एवढं का वाटतं, हे आधी समजून घेतलेलं बरं. समोरच्या अंगणांना कुंपण नसतं. एकाचं गवत वाढलं की अख्ख्या रांगेत ते उठून दिसतं. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लेविटटाउनमध्ये हजारो एकसारखी घरं उभी राहिली, तेव्हा दर आठवड्याला गवत कापण्याची अटच रहिवाशांना घातलेली होती. २००५ सालच्या एका अंदाजानुसार देशातल्या सगळ्या लॉनचं क्षेत्र सुमारे १ लाख ६३ हजार चौरस किलोमीटर भरतं, म्हणजे निम्म्या महाराष्ट्राहून जास्त. या चढाओढीत उतरायची आपल्याला गरज नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला गवताची उंची आणि कडा दिसतात. तेवढ्या सांभाळा आणि बाकीचं काम वर्षातल्या ठरावीक आठवड्यांत उरका.

१. गवत उंच ठेवा

सगळ्यात जास्त श्रम वाचतात ते इथे. कापल्यानंतर गवत साडेतीन इंच उरलं पाहिजे. "एकदाच बारीक भादरून टाकू, दोन आठवडे बघायला नको" असं अनेकांना वाटतं, आणि नेमकं त्यानंच काम वाढतं. पाती छाटली गेली की गवताला पुरेसं अन्न तयार करता येत नाही, मुळं वरवर राहतात, जुलैच्या उन्हात ठिगळं पडतात, आणि उघड्या जमिनीवर ऊन पोचलं की क्रॅबग्रास या तणाचं बी रुजतं. उंच गवत स्वतःच्या सावलीनं तण दाबून ठेवतं.

एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. पाच इंच झालं की साडेतीनवर आणा. मे महिन्यात हे आठवड्याला एकदा करावं लागतं, ऑगस्टमध्ये दोन-तीन आठवड्यांनी एकदा. महिनाभर भारतात जाऊन आलात आणि गवत आठ इंच झालंय, तर आज साडेपाचवर आणा, तीन-चार दिवसांनी चारवर आणि मग साडेतीनवर.

मोअरच्या दांड्यावरचे आकडे बहुतेकदा इंच नसतात. मोअर गॅरेजच्या सपाट फरशीवर ठेवा, बॅटरी काढा किंवा स्पार्क प्लगची वायर सोडवा, आणि फरशीपासून ब्लेडच्या धारेपर्यंतचं अंतर पट्टीनं मोजा. योग्य खाचेवर रंगाची खूण करून ठेवा, म्हणजे दरवेळी शोधावं लागणार नाही.

कापलेलं गवत पिशवीत भरू नका, तिथंच पडू द्या. ते काही दिवसांत कुजतं, आणि वर्षभरात गवताला लागणाऱ्या नत्राचा जवळजवळ चौथा हिस्सा त्यातूनच परत मिळू शकतो. त्यानं मुळाशी थर साचतो ही समजूत चुकीची आहे. ओलं गवत कापलंत तर मात्र गोळे पडतात आणि त्याखालचं गवत पिवळं पडतं. असे गोळे दाताळ्यानं लगेच विस्कटा.

२. ब्लेडला धार लावा

कापल्याच्या दुसऱ्या दिवशी एक पाती खुडून तिचं टोक डोळ्यांजवळ धरा. कात्रीनं कापल्यासारखं सरळ असेल तर ठीक. पांढुरके, तपकिरी धागे लोंबत असतील तर ब्लेड कापत नाही, फाडतंय. लांबून लॉन फिकट, राखाडी दिसतं त्याचं एक कारण हे असतं, आणि लोक तहान समजून पाणी मारत बसतात.

साधारण २०–२५ तास वापरानंतर धार लावावी. ४ हजार चौरस फुटांच्या लॉनला हंगामात एकदा पुरते. बॅटरी काढून, हातमोजे घालून ब्लेड उतरवा आणि मूळच्या कोनातच कानस चालवा. मग भिंतीतल्या खिळ्याला ब्लेड मधल्या भोकात अडकवा. एक बाजू खाली झुकली तर ती आणखी घासा. हे राहिलं तर मोअर थरथरतो आणि बेअरिंग खराब होतं.

३. पाणी

मे-जूनमध्ये पाऊस धरून आठवड्याला एक इंच पुरे, तेही एकदोनदाच आणि पहाटे. स्प्रिंकलरखाली ट्यूनाचे तीन-चार रिकामे डबे ठेवा. एक इंच भरायला किती मिनिटं लागतात ते एकदा कळलं की टायमर लावून मोकळे व्हा. रोज दहा मिनिटं शिंपडल्यानं मुळं वर येतात. कडक उन्हाळ्यात लॉन तपकिरी झालं तरी घाबरू नका, ते झोपलेलं असतं. दर तीन आठवड्यांनी अर्धा इंच पाणी दिलंत तरी मुळाशी जीव राहतो.

४. खरा हंगाम: ऑगस्ट-अखेर ते सप्टेंबर

वसंतात दुकानं खतांच्या पोत्यांनी भरतात, पण थंड पट्ट्यातल्या गवताला खत हवं असतं सप्टेंबरात. एप्रिलमध्ये भरपूर खत घातलंत तर मे महिन्यात आठवड्यातून दोनदा कापावं लागेल.

त्याआधी माती तपासून घ्या. आठ-दहा ठिकाणची चार ते सहा इंच खोलीची माती एकत्र करून राज्याच्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाठवता येते. मातीची आम्लता दाखवणारा पीएच ६ ते ७ च्या दरम्यान हवा. तो खूप खाली असेल तर नुसतं खत घालून उपयोग होत नाही, अहवालात सांगितलेला चुना घालावा लागतो.

हिशेब असा: न्यू जर्सीत १ हजार चौरस फुटांना एका वेळी ०.९ पौंडापेक्षा जास्त नत्र घालता येत नाही. पोत्यावरचा पहिला आकडा २४ असेल तर नत्र २४ टक्के, म्हणजे १ हजार चौरस फुटांना पावणेचार पौंड खत आणि ४ हजारांना १५. तिथं घरमालकांना १५ नोव्हेंबर ते १ मार्च खत घालायला बंदी आहे. फुटपाथवर सांडलेले दाणे झाडून परत गवतात टाका, नाहीतर पावसानं ते ओढ्यात जातात.

विरळ जागी बी याच दिवसांत टाका. गवत दोन इंचांवर कापा, माती दाताळ्यानं चांगली खरवडा, १ हजार चौरस फुटांना चार पौंड टॉल फेस्क्यूचं बी पसरा आणि पुन्हा हलकं दाताळं फिरवा. टणक जमिनीवर नुसतं भिरकावलेलं बी पक्षी खातात. दोन-तीन आठवडे वरची माती दिवसातून दोनदा ओलसर ठेवा. रायग्रास आठवड्यात उगवतं, फेस्क्यू दोन आठवड्यांत, ब्लूग्रासला तीन-चार आठवडेही लागतात. धीर सोडू नका.

५. तण

क्रॅबग्रासचं बी उगवू न देणारं औषध फोर्सिथिया या झुडपाची पिवळी फुलं बहरली की टाकतात. त्यानं गवताचंही बी उगवत नाही, म्हणून दोन्ही एका मोसमात करू नका. डँडेलियन पावसानंतर लांब खुरपीनं मुळासकट उपटा. मूळ तुटलं की पुन्हा फुटतं. क्लोव्हर, म्हणजे तीन-तीन पानांचं बुटकं रोप, राहू दिलं तर उत्तम. १९४० च्या दशकात टू-फोर-डी हे तणनाशक येईपर्यंत लॉनच्या बियाण्यात ते मुद्दाम मिसळत. ते हवेतलं नत्र जमिनीत आणतं.

टेक्सस किंवा जॉर्जियात असाल तर हे वेळापत्रक चालणार नाही. तिथलं बर्म्युडा ग्रास म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. ती एक-दोन इंचांवर कापतात आणि खत उन्हाळ्यात देतात. पूजेसाठी तिथूनच खुडणार असाल तर त्या पट्ट्यावर औषध मारू नका.

६. लॉन लहान करा

मेपलच्या झाडाखाली, उतारावर आणि दोन घरांमधल्या अरुंद पट्टीत गवत टिकवण्याचा हट्ट सोडा. टेप काढलेले पुठ्ठे सहा इंच एकमेकांवर चढवून अंथरा, भिजवा, वर चार इंच लाकडाच्या ढलप्या (वुड चिप्स) टाका. झाडाखाली मात्र दोन-तीन इंचच, आणि बुंध्यापासून थोडं अंतर सोडून. बुंध्याशी ढीग केला की साल कुजते. गवत मरायला काही महिने लागतात. मग ॲस्टर, कोनफ्लॉवर अशी स्थानिक झाडं लावा. खोल खणण्यापूर्वी ८११ ला फोन करा, म्हणजे जमिनीखालच्या तारा आणि गॅसच्या नळ्या कुठे आहेत ते खुणा करून दाखवतात.

सोसायटीची, म्हणजे एचओएची, नियमावली आधी वाचा आणि लेखी परवानगी घ्या. मेरीलँडमध्ये २०२१ च्या कायद्यानं एचओएला अशा स्थानिक झाडांच्या बागांना सरसकट मनाई करता येत नाही. टेक्सस आणि फ्लोरिडातही कमी पाण्याच्या बागांना कायद्याचं संरक्षण आहे. नव्या वाफ्याभोवती दोन फुटांची पट्टी नियमित कापा आणि कडा कुदळीनं सरळ रेषेत छाटा. कड नीट असली की आतली उंच झाडं मुद्दाम लावलेली आहेत हे कळतं.

७. हंगाम मिटवताना

पानगळीची पानं ओढून पिशव्या भरण्यापेक्षा कोरडी असताना त्यांच्यावरून मोअर दोनदा फिरवा. चुरा गवताच्या पात्यांमध्ये खाली बसला आणि वरून गवत दिसत राहिलं की झालं. त्यापेक्षा जास्त पानं वाफ्यात टाका. पेट्रोलचा मोअर असेल तर टाकी रिकामी होईपर्यंत चालवून मगच ठेवा. हिवाळाभर राहिलेल्या पेट्रोलचा चिकटा कार्ब्युरेटरमध्ये बसतो आणि एप्रिलमध्ये मोअर सुरू होत नाही. बॅटरी घरात आणून ठेवा.