विकायची खाज आहे? मग कोकणात राहून करा, पण असं करा

काही लोकांना विकायलाच आवडतं. पैसे मिळतात हा भाग आहेच, पण समोरचा माणूस "नको" म्हणत म्हणत पाकिटात हात घालतो ना, ते बघायला आवडतं. मी त्यातली. शाळेत असताना एसटीच्या खिडकीखाली करवंदं विकली, मग साडीच्या दुकानात सेल्सगर्ल, मग विम्याची एजन्सी, मग पाण्याचे फिल्टर, आता काजू, कोकम, आंबे आणि पाव्हण्यांना होमस्टेच्या खोल्या मिळवून देणं. माझा बायोडेटा वाचला तर माणूस म्हणेल हिचं कुठेच जमलेलं दिसत नाही. पण सगळीकडे जमलं, म्हणून तर पुढे गेले. आमच्या गावातली पोरं अधूनमधून येतात, "मावशी नोकरी नको वाटते, धंदा करायचाय, काय विकू?" त्यांना जे सांगते तेच इथे टाईप करतेय.

पहिली गोष्ट, "काय विकू" हा प्रश्नच मागाहून येतो. कोकणात एकाच मालावर बारा महिने पोट भरणं कठीण आहे. आंबा धड दोन-अडीच महिने. काजू बी फेब्रुवारी ते मे. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिल-मेमध्ये येतात आणि पाऊस पडला की संपले. पुण्या-मुंबईचे टुरिस्ट दिवाळीपासून मेपर्यंत. पावसाळ्यात मासेमारी बंद, रस्ते ओस. त्यामुळे इथे माल बदलत राहणारच, तुम्हाला आवडो न आवडो. बदलायचं नाही ते गिऱ्हाईक. ज्या काकींना मेमध्ये आंब्याची पेटी दिली त्यांनाच जूनच्या आधी सुकट, गणपतीत काजू आणि थंडीत कुळथाचं पीठ. ज्याच्या वहीत अशी दोनशे घरं आहेत त्याला करिअर आहे, बाकी मालाचं काय, तो येतो जातो.

आता आधी खरंच आवड आहे का ते तपासा, फुकटात तपासता येतं. मालवणच्या किंवा हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालतो तिथे जाऊन एक संध्याकाळ उभे राहा. होड्या लागतात, वाटे पडतात, बोली चालू होते. तुमची नजर माशांवर राहिली तर जेवायला जा. पण कोण गप्प उभं आहे, कोण भाव पाडायला तोंड वाकडं करतंय, कोणाला आज माल घेतल्याशिवाय घरी जायचंच नाहीये, असं तुम्हाला आपोआप दिसायला लागलं तर पुढे वाचा. तिथल्या बायका बघा, खरेदी आणि विक्री दोन्ही त्याच करतात आणि हिशोब तोंडी. एवढं शिकवणारं कॉलेज मी पाहिलं नाही.

दुसरं, स्वतःचे पैसे लावायच्या आधी दुसऱ्याच्या दुकानात उभे राहा. पगार कमी असेल, असू दे. साडीच्या दुकानात मी जे शिकले ते आजही काजू विकताना वापरते. "बजेट किती?" असं कधी विचारायचं नाही, माणूस लाजून कमीच सांगतो आणि मग त्याच आकड्यात अडकतो. तीन साड्या टाकायच्या, एक साधी, एक मधली, एक भारी, आणि गप्प बसायचं, हात कुठे जातो ते बघायचं. हात परत परत ज्या साडीकडे जातो तीच विकली जाते, तोंडाने बाई काहीही म्हणू दे. आणि सोबत आलेली सासू किंवा जाऊ, तिच्याशी आधी बोलायचं, कारण नको म्हणायचा अधिकार तिचा असतो. विम्यात वेगळं शिकले, तिथे दाखवायला काही नसतंच, म्हणून ऐकायला शिकावं लागतं. फिल्टर विकताना दार तोंडावर बंद झालं तरी पुढच्या घरी हसून जायचं शिकले. त्या कंपनीने कमिशन थकवलं ते सोडा, त्यावर लिहिलं तर वेगळीच पोथी होईल.

म्हणजे नोकरी निवडताना पगाराच्या आधी हे बघा की इथे विक्रीतलं नवीन काय शिकायला मिळेल. तेच तेच व्हायला लागलं, गिऱ्हाईक दारात दिसलं की तुम्हाला तो काय म्हणणार ते आधीच कळायला लागलं, की निघायची वेळ झाली. भांडून निघू नका. मी जिथे साड्या विकायचे त्यांच्याच काउंटरवर आज माझे काजू असतात.

आता वही. मोबाईलमध्ये ठेवा की कागदावर, पण ठेवाच. नाव, गाव, मुंबईत कुठे राहतात, घरात माणसं किती, काय घेतलं, काय बोलले. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. "आजोबांना साखर आहे", "मुलगी बारावीला", "गेल्या वेळी आंबे जरा आंबट म्हणाल्या". पुढच्या वर्षी फोन करताना आधी मुलीच्या निकालाचं विचारायचं, आंब्याचं त्या स्वतःच काढतात. हे नाटक म्हणून करू नका हां, लोकांना लगेच कळतं. आठवण राहत नाही म्हणून लिहायचं, एवढंच. व्हॉट्सॲपवर ग्रुप काढू नका, एकाने "महाग आहे" लिहिलं की पन्नास जण वाचतात. ब्रॉडकास्ट लिस्ट करा, त्यात एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो, पण त्यात एक मेख आहे, समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केला असेल तरच मेसेज पोचतो. म्हणून पहिला माल देतानाच हसत हसत "माझा नंबर सेव्ह करा हां, नाहीतर पुढच्या वर्षी आंबे चुकतील" म्हणायचं आणि समोर उभं राहून करून घ्यायचं.

वर्ष कसं लावायचं ते सांगते. हिवाळ्यात जत्रा. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेला तिथी ठरलेली नसते, देवीचा कौल घेऊन तारीख ठरते, त्यामुळे ती जाहीर झाली त्याच दिवशी खाजं, काजू, सरबतं यांची तयारी सुरू करायची, चाकरमानी त्याच दिवशी गाडीचं तिकीट काढायला धावतात. मार्चपासून आंबा. मेच्या शेवटी आगोट, हा आमचा लाडका सीझन, पावसाळ्याची बेगमी करायला घराघरातून यादी निघते, सुके बांगडे, सुकट, बोंबील, मसाला, आमसुलं. मुंबईला परत जाणारा माणूस तर रिकाम्या पिशवीने जातच नाही. जून-जुलै हातात काही नसतं, तेव्हा लेबलं, हिशोब, नवीन शिकणं. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, वेंगुर्ल्याला त्यांचं फळ संशोधन केंद्र आहे, काजूच्या वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७ या जाती तिथल्याच. विकणाऱ्याने तिथे एकदा तरी जाऊन यावं, कारण "हा काजू मोठा का आणि तो बारीक का" हे दोन वाक्यात सांगता आलं की भावावरचं बोलणं निम्मं कमी होतं. मग गणपती, तेव्हा अख्खी मुंबई गावात असते, वहीतली घरं प्रत्यक्ष भेटायची वेळ. माल घेऊन जाऊ नका, आरतीला जा.

भाव लावणं, इथे बहुतेक जण बुडतात. समजा कोकमाचं आगळ, म्हणजे मीठ घातलेला रस, एक लिटर. रातांबे आणि मीठ ६० रुपये, बाटली-झाकण १५, लेबल ३, तुमची मजुरी २५, फुटतूट आणि पार्सलचा वाटा १२. झाले ११५. नवीन पोरं मजुरी धरतच नाहीत, "घरचंच तर आहे" म्हणतात, आणि ९० खर्च समजून १२० ला विकतात, वर खूश. अरे, आईने दोन दिवस रातांबे फोडले त्याचं काय? बरं, ११५ वर तुमचा ३५ नफा धरला तर १५० झाले. आता दुकानदार ठेवून घेणार तर त्याला पंचवीस टक्के लागतील, म्हणजे छापील किंमत २०० ठेवावी लागते, त्यातले ५० त्याचे. आणि मग घरून थेट घेणाऱ्यालाही २०० च सांगायचे! तुम्ही घरून १५० ला विकलं आणि ते दुकानदाराला कळलं, आणि कळतंच, तर तो तुमची बाटली मागच्या फळीवर ढकलतो. थेट गिऱ्हाईकाला काही द्यायचंच असेल तर सोबत मूठभर आमसुलं द्या. घासाघीस करणाऱ्यालाही हेच, भाव सोडायचा नाही, वर थोडं घालायचं. दर एकदा उतरवला की पुढच्या वर्षी तोच पक्का होतो, वर घातलेलं मात्र प्रेमाचं राहतं.

आंब्याबद्दल जरा वेगळं बोलते, कारण इथे नाव कमावता येतं आणि एका मोसमात घालवताही येतं. हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांचा. बाहेरचा आंबा देवगडच्या पेटीत घालून विकणारे आहेत, सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही ते करू नका, देवभीरू वगैरे म्हणून नाही, तर वहीतली घरं जातील म्हणून. स्वतःची बाग असेल तर जीआयचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी करता येते, ती करा, लेबलवर दाखवता येतं. कार्बाइडने पिकवणं कायद्याने बंद आहे. गवताच्या आढीत घाला, आणि गिऱ्हाईकाला आधीच सांगा की पेटी उघडल्यावर सगळे एकदम पिकलेले नसतील, रोज चार-चार काढून खा. आणि साका. आतून पांढरट, स्पंजसारखा झालेला गर बाहेरून कुणालाच दिसत नाही, मलाही नाही. तो निघू शकतो हे पैसे घ्यायच्या आधी बोलायचं. आधी बोललं की ती माहिती असते, नंतर बोललं की सबब.

कागदपत्रं थोडक्यात, कारण कंटाळवाणं आहे पण टाळता येत नाही. खायचा माल आहे तर एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षेची, नोंदणी हवीच, नंबर लेबलवर छापायचा. पाकीटबंद मालावर वजन, छापील किंमत, तयार केल्याची किंवा पॅकिंगची तारीख, तुमचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन नंबर, हे वजनमापे आणि अन्नसुरक्षेच्या नियमांत आहे. इलेक्ट्रॉनिक काट्यावर दरवर्षी शिक्का मारून घ्या. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, ऑनलाईन फुकट होते, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर पळा. जीएसटीचं एकदा सीएला विचारा, कारण ताज्या आंब्याचा नियम वेगळा, बाटलीतल्या मालाचा वेगळा, आणि राज्याबाहेर पाठवायला लागलात की आणखी वेगळा.

घरचे. "एवढं शिकून आंबे विकणार?" हे ऐकावं लागणार. वाद घालू नका, आकडा दाखवा. पण आकडा दाखवायला तो एका ठिकाणी दिसला पाहिजे, म्हणून धंद्याचं खातं वेगळं. एप्रिल-मेमध्ये खात्यात पैसे दिसले की हात सुटतो, नवीन गाडी, नवीन टीव्ही, आणि ऑगस्टमध्ये गणपतीला उसने. तसं नाही. सीझनचे पैसे धंद्याच्या खात्यात राहू द्या आणि दर महिन्याच्या एक तारखेला स्वतःला ठरलेला पगार घ्या, जुलैमध्येही तेवढाच, मेमध्येही तेवढाच. घरी एक तारखेला पैसे यायला लागले की सासरच्यांचं बोलणं सहा महिन्यांत बंद होतं, बघा करून. आणि उत्पन्न कितीही कमी असू दे, इन्कम टॅक्स रिटर्न भरत जा. पगाराची स्लिप नसलेल्या माणसाला बँक दोन-तीन वर्षांची रिटर्नच मागते, घराचं कर्ज काढायच्या वेळी हे कळून उपयोग नसतो.

उधारी? गावात उधारीशिवाय चालत नाही, खोटं कशाला बोलू. पण मुदत बोलून घ्यायची, "गणपतीपर्यंत" किंवा "शिमग्यापर्यंत", सणाचं नाव घेतलं की माणसाच्या लक्षात राहतं आणि मागताना आपल्यालाही अवघड जात नाही. जुनी फिटल्याशिवाय नवीन नाही, सख्खा मामा असला तरी. मामाला तर आधी.

आणि तक्रारीचा फोन. हा येणारच, बहुतेक रात्री जेवताना येतो. पहिली पाच मिनिटं मधे बोलायचंच नाही, त्यांना संपवू दे. मग "फोटो पाठवता का" म्हणायचं, भांडायच्या सुरात नाही, कुठल्या बागेतली पेटी होती ते बघायला म्हणून, कारण ते खरंच बघायचं असतं. चार आंबे खराब निघाले असतील तर पुढच्या पेटीत सहा द्या, पुढची पेटी नसेल तर चाराचे पैसे तिथल्या तिथे जीपेवर परत, उद्या नाही. मग वहीत त्या घरासमोर लिहून ठेवा, बागेचं नाव पण लिहा, आणि एकाच बागेचं नाव तीनदा दिसलं तर पुढच्या वर्षी त्या बागेचा माल घ्यायचा नाही, बागवाला तुमचा मेहुणा असला तरी.