बॅटरीत लिथियम सेल टाकताय? या चुका टाळा

रावेर-यावलकडे रात्रीची लाईन असली की हातात बॅटरी पाहिजेच, केळीत पाणी भरताना पायाखाली नळी आहे का साप आहे ते दिसायला तर पाहिजे ना भो. आपल्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात, म्हणून आतल्या बॅटरीला मी इथं सेल म्हणतो, नाहीतर घोळ होईल.

स्वस्तातली बॅटरी काही महिन्यांत मंद पडते. खोलली की आत बहुतेक 4 वोल्टचा लेड ॲसिड सेल निघतो, सुकलेला. मग कोणीतरी सांगतं की जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतला 18650, म्हणजे गोल लिथियम सेल टाक, डबल चालते. चालते खरी, पण चार्जिंगचं सर्किट तेच ठेवलं की वाट लागली. लेड ॲसिडवाला सेल 4.8 वोल्टच्या आसपास फुल होतो आणि लिथियमला 4.2 ला थांबवावंच लागतं, अन् या स्वस्त बॅटरीतलं सर्किट तर थांबतच नाही, एक कॅपॅसिटर अन् चार डायोड, बस, लाईट आहे तोवर करंट ढकलत राहतं. मी हेच केलं होतं. रात्री लावून झोपलो, सकाळी प्लास्टिक वाकडं झालेलं अन् खोलीत गोडसर उग्र वास. आमचे काका दारातूनच म्हणे, "जळी गयी ना भो!" घर वाचलं हेच खूप. वरून त्या सर्किटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, म्हणजे पिन बोर्डात असताना खोललं तर आत सगळीकडे 230 वोल्टचा झटका तयार, चार्ज होताना मल्टीमीटर लावायचा नादच करू नका.

जुनं सर्किट अन् पिन काढून फेका. टीपी4056 चं मॉड्यूल, म्हणजे लिथियम सेल चार्ज करायचं छोटं सर्किट घ्या, जळगावला गोलाणी मार्केटकडे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना विचारा. पण प्रोटेक्शनवालं, म्हणजे सेलला पार खाली जाऊ न देणारं मागा, ज्यावर बी प्लस-बी मायनस सोडून आऊट प्लस-आऊट मायनस पण असतं. सेल बी ला, एलईडी स्विचमधून आऊटला. बरेच जण एलईडी पण बी लाच जोडतात, मग प्रोटेक्शन असून नसल्यासारखं, सेल पार खाली जाऊन मरतो. चार्ज मोबाईलच्या 5 वोल्ट चार्जरने करायचा.

सगळं जोडलं तरी लाईट लागत नाही? घाबरू नका, नवीन सेल जोडल्यावर प्रोटेक्शन कधीकधी झोपलेलं असतं, एकदा चार्जर लावला की जागं होतं. मॉड्यूलवरची चार्जिंगची लाल लाईट निळी, म्हणजे फुल, होतच नाही? चार्जिंगला लावून बॅटरी चालूच ठेवली असेल, नाहीतर सेल म्हातारा झालाय. उजेड हलवल्यावर कमी-जास्त होतो? स्प्रिंग गंजली, पॉलिश पेपर मारा, तिच्यातून जाड तांब्याची तार टाकून दोन्ही टोकं सोल्डर केली तर उजेड लगेच वाढतो. सोल्डरिंग गन थेट सेलला मात्र नको, पट्टी लागलेला सेल घ्या नाहीतर होल्डर.

सेलवर 9900 एमएएच (सेलची क्षमता) छापलंय? खोटं आहे. 18650 मध्ये चांगला माल साधारण 3500-3600 पर्यंत जातो. ओळखीच्या सराफाकडे काट्यावर ठेवा, खरा सेल 45 ग्रॅमच्या आसपास भरतो, डुप्लिकेट एकदम हलका.

हल्ली पोरं पुण्या-मुंबईहून फेकून दिलेले वेप, म्हणजे ई-सिगारेट आणतात अन् त्यातला सेल काढून बॅटरीत टाकतात. एक तर ई-सिगारेटवर 2019 पासून देशात बंदी आहे, अन् तो सेल असतो बारका, साधारण 500 एमएएचचा, मॉड्यूल चार्जिंगला देतं 1 अँपिअर, एवढ्या बारक्याला ते जास्त, तापणारच ना.

अन् मे महिन्यात भुसावळला पारा 45 च्या वर जातो, लिथियम चार्ज करायची हद्दच 45 अंशांची. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी चार्जिंगला लावू नका, गाडीच्या डिकीत तर अजिबात नको. पहाटे लावा, समोर बसून, अन् गादीवर नाही, फरशीवर.